केसपेपरवरील संकेतांक

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नावाचे एक अक्षर चुकले, तर लग्नाच्या वेळी किती धावपळ होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. इस्पितळातील नोंदीचेही तसेच आहे. तीन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नाही म्हणून आईबाप त्यास डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर केसपेपरवर एक अक्षर व काही अंक लिहितात. घरी त्याकडे कोणी पाहत नाही. परंतु पुढचा डॉक्टर प्रथम तेच वाचतो.

हे संकेतांक जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातील होत. १९९० साली संमत झालेल्या त्याच्या दहाव्या आवृत्तीत ‘एफ ८०’ या गटात मुलांचे वाणी व भाषा यांचे विकार येतात. ८०.० म्हणजे उच्चारांत दोष, ८०.१ म्हणजे मुलास समजते, पण बोलून सांगता येत नाही, ८०.२ म्हणजे ऐकलेले समजण्यातच अडचण. ऐकू कमी येत असेल तर गटच निराळा, ‘एच ९०’. म्हणून कानांची तपासणी आधी झाली पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत भाषाविकासाच्या विकारास ‘६ए०१.२’ हा अंक आहे. नुसते ‘उशिरा बोलतो’ एवढेच लिहिलेल्या कागदावरून यांतील काहीच कळत नाही. गावात अशा मुलास सरसकट ‘मुका’ म्हणतात, ते तर त्याहून वाईट.

बेळगावकडील कित्येक घरांत कोंकणी, चर्चमध्ये मराठी व शाळेत कन्नड चालते. दोन-तीन भाषा कानी पडल्याने हा विकार होत नाही. आणि तो खरोखरच असेल तर मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो. शाळेत गप्प बसणारे मूल घरी आजीशी कोंकणीत घडाघडा बोलत असेल, तर ते डॉक्टरांस सांगितलेच पाहिजे व त्यांनी ते लिहूनही घेतले पाहिजे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. संकेतांक मिळाला म्हणजे अपंगत्वाचा दाखला मिळालाच, असे नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी व भाषेचे अपंगत्व आहे खरे, पण त्याची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमच्या दोषाची आहे. उदाहरणे स्वरयंत्र काढल्याची व वाचाघाताची दिली आहेत. ज्या बालकाच्या विकाराचे असे कारण सापडत नाही, त्याच्या आईबापांस यामुळे अडचण पडते. ही व्याख्या आम्हांस अपुरी वाटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत येणारे तपासणी पथक भाषेचा विलंबही पाहते. सखोल तपासणी हवी असल्यास १९६५ साली स्थापन झालेली म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था आहे. तेथे जाताना कानांच्या तपासणीचा अहवाल, जुने सर्व केसपेपर आणि मूल कोणत्या भाषेत काय बोलते याची तारीखवार यादी बरोबर न्यावी. निघताना नव्या नोंदीची प्रत मागून घ्यावी.