वेळेवर पोहोचलेला निरोप

मुलांनो, २६ जुलै २००५ हा दिवस तुमच्या घरची वडील माणसे अजून विसरलेली नाहीत. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याणला उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी वस्तीत शिरले. लोकलगाड्या थांबल्या. फोन लागेनात. अम्मी-अब्बा दारात उभे आणि मुलांचा पत्ता नाही! अनेक विद्यार्थ्यांनी ती रात्र शाळा-कॉलेजांतच काढली.

अशा वेळी निरोप कसा पोहोचवावा? आज पुष्कळ कॉलेजे मोबाइलवर लघुसंदेश, म्हणजे एसएमएस पाठवतात. प्रवेशाच्या अर्जात विद्यार्थी आपला मोबाइल नंबर लिहितात. ते नंबर संगणकात साठवलेले असतात. त्यामुळे एकच संदेश हजारो विद्यार्थ्यांना एकदम पाठवता येतो.

फोन लागत नाही, मग संदेश कसा जातो? बोलणे चालू असेपर्यंत फोनची वाट अडून राहते. सगळेच एकदम फोन करू लागले, की ती वाट तुंबते. संदेश मात्र छोटा असतो. तो थोड्याशा जागेतून निघून जातो. तुमचा फोन बंद असेल, तर तो काही काळ संदेश-केंद्रात थांबतो आणि फोन सुरू झाल्यावर येतो. त्याला इंटरनेट लागत नाही. पण टॉवरच बंद पडला, तर संदेशही अडतो. म्हणून निरोप लवकर निघाला पाहिजे. मुंब्र्याची मुलगी पहाटेच्या लोकलने डोंबिवलीला गेली, तर दहा वाजता आलेला संदेश तिच्या काय कामाचा?

इंग्रजी अक्षरांत लिहिले, तर एका संदेशात १६० अक्षरे मावतात. मराठीत किंवा उर्दूत फक्त ७०. काना, मात्रा आणि मोकळी जागाही त्यात मोजतात. म्हणून मजकूर असा हवा : ‘१८ जुलै: अतिवृष्टी. कॉलेज बंद. आजची परीक्षा नाही. घरीच थांबा.’ मोजून पाहा, तो सत्तरच्या आत बसतो. तारीख, कारण आणि काय करायचे, हे सारे त्यात आले.

उद्या तुम्हीही कॉलेजात जाल. नंबर बदलला, तर कार्यालयात लगेच कळवा. ‘कॉलेज बंद’ असा निरोप दुसऱ्या कुणाकडून आला, तर खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. आणि शेजारच्या सोबत्याकडे मोबाइल नसेल, तर त्याच्या घरापर्यंत तो निरोप तुम्हीच न्या.