अनोळखी पाखरू

अंगणात किंवा शेताच्या बांधावर कधी न पाहिलेला पक्षी येऊन बसला, की मुले प्रथम त्याचे नाव विचारतात; आणि वडील मंडळी, नाव ठाऊक नसले तरी, काहीतरी सांगून मोकळी होतात. ही नावाची घाईच आमच्या मते पक्षी नीट पाहू देत नाही.

या बाबतीत जालन्याचा दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. जालना निजामाच्या मुलखात होते त्या काळी, १८४० च्या सुमारास, टी. सी. जर्डन नावाचे डॉक्टर तेथे मद्रासच्या घोडदळाबरोबर राहात. आपण जमविलेल्या पक्ष्यांचे काही नमुने त्यांनी ओळख पटविण्यासाठी स्कॉटलंडात सर विल्यम जार्डिन यांजकडे धाडले होते. ते तेथे पोहोचले तो त्यांस कसर लागलेली! पुढे जर्डन यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर भिस्त ठेविली. १८३९-४० मध्ये त्यांनी दक्षिणेकडील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत ४२० जाती होत्या. कर्नल साइक्स यांच्या १८३२ च्या दख्खनच्या यादीहून जवळजवळ दुप्पट. अर्थात जर्डन यांचा मुलूखही मोठा होता. त्यांच्या 'बर्ड्स ऑफ इंडिया' या ग्रंथात (१८६२-६४) लोकांच्या तोंडची देशी नावेही आहेत.

आज दुर्बीण व सचित्र पुस्तके सहज मिळतात, तरी फसगत व्हावयाची ती होतेच. पुष्कळदा अनोळखी पाखरू ओळखीच्याच घरचे असते. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली कोकिळा कित्येकांस निराळीच जात वाटते. कुहू करणारा काळा पक्षी तो नर, ही गोष्ट कवींनी आपल्याला कळू दिली नाही! पावशा तर हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांत गुलाबी रंग न चढलेली कोवळी पाखरे असतात, तीही अशीच चकवितात.

म्हणून नाव राहू द्यावे. पक्षी चिमणीएवढा की मैनेएवढा, चोच कशी, शेपूट हलवितो काय, झाडावर होता की जमिनीवर, हे तिथीमितीसह वहीत टिपावे. माळढोक एके काळी दख्खनच्या माळांवर थव्यांनी दिसे. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. जालन्याकडील ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या शिकारीच्या किंवा शेतीच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकवार चाळून पाहाव्यात.