नातीची पाळी आणि गव्हाची पोळी

हल्ली बऱ्याच घरांत शब्बाथच्या जेवणाला एखादी नात खल्ला बाजूला सारते. "आजी, पाळीत पोट फार दुखतं, म्हणून मी ग्लुटेन सोडलंय." आपल्या वेळी पाळी हा शब्द पुरुषांसमोर तोंडातून निघत नसे. या मुली उघड बोलतात, ते चांगलंच आहे. पण गहू सोडून पाळी सुधारते का? तिला सीलिअॅक असेल तर सुधारू शकते. नसेल, तर तसा भक्कम पुरावा नाही.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. कणीक मळल्यावर ताणली जाते ती त्याच्यामुळे. सीलिअॅक (हिब्रूत त्सेलियाक) असलेल्या माणसाने ते खाल्लं, की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झिजते. मग खाल्लेल्या अन्नातलं लोह, फोलिक अॅसिड अंगी लागत नाही. पोषण कमी पडलं की पाळीचं चक्रही बिघडतं. पाळी उशिरा सुरू होते, मध्येच बंद पडते, दिवस राहत नाहीत किंवा राहिले तरी गर्भपात होतो, काहींची पाळी लवकर जाते. पुष्कळांना जुलाब वगैरे काहीच होत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. आईवडील, भावंडं किंवा मूल यांपैकी कोणाला असेल, तर दहात एकाच्या आसपास. तेव्हा तुमचं स्वतःचं निदान झालं असेल तर मुलांना जरूर सांगा.

नर्सच्या नोकरीत दिसणारी एक गोष्ट सांगते. मुलगी फिकट दिसते, रक्त कमी निघतं, सगळे म्हणतात पाळीत जातं म्हणून. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. चहाबरोबर घेतल्या तर त्या नीट लागू पडत नाहीत, ते वेगळं. पण नीट घेऊनही महिनोन्महिने हिमोग्लोबिन हलत नसेल, तर कुपत खोलिमच्या डॉक्टरांना विचारायचं, "सीलिअॅक पाहिलंत का?" पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नसेल तरीही दाखवायचं. "लग्नानंतर होईल ठीक" म्हणून थांबायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तपासणीच्या आधी गहू सोडायचा नाही! रक्ताची टीटीजी तपासणी आजाराने तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधते. गहू बंद केला की ती कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. आधीच सोडला असेल, तर डॉक्टरांना विचारून निदान ६ आठवडे रोज पुन्हा खावा लागतो. गरज पडली तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासतात.

गव्हाचा हा दोष हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी ओळखला. १९४४-४५ च्या दुष्काळात तिथे पाव मिळेना, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा खालावली.

निदान झालं, तर पथ्य जन्मभराचं. आतडं भरून यायला काही महिने, कधी दोन वर्षंही लागतात. मग लोह भरतं, पुष्कळींची पाळी नियमित होते. निदान नसेल, तर पाळीच्या दुखण्याचं दुसरं कारण शोधायला हवं. एंडोमेट्रिओसिस किंवा गाठी असू शकतात. पथ्याच्या नादात ते राहून जातं. शिवाय दुकानातल्या ग्लुटेनमुक्त बिस्किटांत लोह आणि चोथा कमी, पैसे मात्र दुप्पट.

आणि बायांनो, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर खाण्यात कारण शोधू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर.

सीलिअॅक असलेल्या नातीसाठी आपलं स्वयंपाकघर तसं सोयीचं आहे. तांदळाची, ज्वारीची, नाचणीची भाकरी चालते. एलियाहू हन्नाबीचा मलिदा पोह्यांचा, तोही चालतो. गव्हाच्या चिकाचा हलवा, रवा, शेवया, बुर्गुल, पतितीम नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचा. पेसाखला ग्लुटेनमुक्त ओटची मात्सा मिळते, पण काहींना ओटही सोसत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. तिची भाकरी वेगळ्या तव्यावर करा. आणि "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय" म्हणून पोळी भरवू नका.