यंत्रावर काम करणारे हात : गंभीर दुखापतींची कारणे, प्रतिबंध व प्रथमोपचार

मनुष्याच्या एका हातात २७ हाडे असतात. त्यांना लागूनच कंडरा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दाटीने गेलेले असतात. त्यामुळे एकाच घावात हे सर्व तुटू शकतात. हाताच्या कार्यक्षमतेचा सुमारे ४० टक्के भाग एकट्या अंगठ्यावर अवलंबून असल्याचे मानले जाते. अंगठा गेला की पकड जाते, आणि पकडीबरोबर अनेकदा उपजीविकाही जाते.

अशा अपघातानंतर ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे म्हणून विषय मिटवला जातो. हे कारण अपुरे आहे. एका पाळीत शेकडो वेळा तीच हालचाल करणाऱ्या कोणाचेही लक्ष क्षणभर विचलित होणारच. त्या एका क्षणाची किंमत हाताने मोजावी लागेल की नाही, हे यंत्राची रचना आणि कामाची व्यवस्था ठरवते.

दुखापती कशामुळे होतात?

• पॉवर प्रेस : फरिदाबाद, लुधियाना, पुणे यांसारख्या औद्योगिक भागांत पत्र्याचे सुटे भाग या यंत्रावर घडवले जातात. पायाने दाबायच्या पेडलवर प्रेस चालत असेल, तर दोन्ही हात साच्याखाली असतानाही ती खाली येऊ शकते. जुन्या प्रेसचा क्लच झिजला असल्यास एकदा पेडल दाबल्यावर ती दोनदा आदळण्याचा धोका असतो.

• मळणी यंत्र, कडबाकुट्टी व उसाचा चरक : पेंढी, चारा किंवा ऊस आत ढकलताना हात ओढला जातो. हंगामातील घाई, रात्रीचे काम, अपुरा उजेड आणि मद्यपान यांमुळे धोका वाढतो.

• फिरते भाग : पट्टा, गिअर व रूळ यांमध्ये सैल बाही, पदर, ओढणी किंवा बांगड्या अडकतात. ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर हातमोजाही हाताला आत खेचतो. तेथे तो घालू नये.

• उच्च दाबाची फवारणी : ग्रीस किंवा रंग त्वचेत शिरल्यास बाहेरून केवळ टाचणीएवढे छिद्र दिसते. आत मात्र ऊती नष्ट होत असतात. वेदना नसली तरी त्वरित शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जावे.

उत्पादन वाढवण्यासाठी काढून ठेवलेले संरक्षक आवरण, नगावर मिळणारी मजुरी, सलग लांबलेली पाळी आणि चालू यंत्रातच अडकलेला माल काढण्याची सवय ही कारणे या सर्व ठिकाणी समान आहेत.

प्रतिबंध कसा करावा?

फिरत्या धोकादायक भागांना आवरण घालण्याचे दायित्व १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कारखान्यावर टाकले. मळणी यंत्रांतील धोके लक्षात घेऊन १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम करण्यात आला. सुरक्षित यंत्राची पुढील लक्षणे आपण स्वतः तपासू शकता :

• प्रेस सुरू करण्यासाठी दोन्ही हातांनी दोन स्वतंत्र बटणे दाबावी लागतात.
• मळणी यंत्राला पेंढी सरकवण्यासाठी लांब पन्हळ असते आणि तिचा यंत्राकडील भाग वरून झाकलेला असतो, त्यामुळे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही.
• यंत्र तत्काळ बंद करणारे बटण कामगाराच्या हाताशी असते.
• सफाई व दुरुस्तीपूर्वी वीज तोडून स्विचला कुलूप लावले जाते आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याजवळच राहते.

आवरण नसलेल्या यंत्रावर काम सांगितल्यास ते पर्यवेक्षकाच्या निदर्शनास आणून द्यावे; शक्य असल्यास लेखी कळवावे.

अपघात घडल्यास

१. प्रथम यंत्र बंद करावे. अडकलेला हात ओढून काढू नये.
२. स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा व हात छातीपेक्षा उंच धरावा. त्या हातातील अंगठी व बांगड्या काढाव्यात.
३. हळद, चुना, कॉफी किंवा माती लावू नये. लोंबकळणारा भाग तोडू नये.
४. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ त्या भागाला थेट लावू नये.
५. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीला काही खाण्यास वा पिण्यास देऊ नये. रुग्णालयात धनुर्वात प्रतिबंधक लसीविषयी विचारावे.

योग्य रीतीने थंड ठेवलेले बोट काही तासांनंतरही जोडता येऊ शकते. मनगटापासून किंवा त्यावरून तुटलेल्या हाताला मात्र वेळ फार कमी असतो, कारण स्नायू रक्ताविना लवकर मरतात. म्हणून हात जोडण्याची शस्त्रक्रिया होणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे अपघातापूर्वीच माहीत असावे. त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक यंत्राजवळ लिहून लावावा.

आपले हक्क

कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या आस्थापनेत कामावरील दुखापतीसाठी संरक्षण रोजगाराच्या पहिल्या दिवसापासून मिळते. म्हणून रुजू होताच आपली नोंदणी झाली आहे का, हे विचारावे. योजना लागू नसलेल्या ठिकाणी कायद्यानुसार नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असते. अपघाताची लेखी नोंद करून घ्यावी आणि उपचारांची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत.

उद्या पाळी सुरू होण्यापूर्वी आपल्या यंत्राचे आवरण जागेवर आहे का आणि बंद करण्याचे बटण चालते का, एवढे अवश्य पाहावे. आवरण काढून वाचणारी मिनिटे गमावलेले बोट परत देऊ शकत नाहीत.