शेवटचं कडवं ऐकलंय का?

हॉस्टेलमध्ये गाण्यांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी मेसच्या भाजीवरूनही होत नसतील. एका रूममध्ये इंग्लिश, शेजारी अरिजित, वरच्या मजल्यावर कोणाचं तरी रॅप. पण गॅदरिंग असो की गणपतीची मिरवणूक, शेवटी सगळे एकत्र नाचतात ते 'नवीन पोपट' लागल्यावरच! गंमत म्हणजे, नाचून घाम पुसून झाला की तेच गाणं लगेच 'टपोरी' ठरतं. प्लेलिस्टमध्ये ठेवायची मात्र लाज वाटते. हा कुठला न्याय?

तर मित्र-मैत्रिणींनो, आजचा विषय आहे हे गाणं गाणाऱ्या आनंद शिंदे यांचं घराणं. वडील प्रल्हाद शिंदे, मुलं आनंद, मिलिंद आणि दिनकर, नातवंडांमध्ये आदर्श, उत्कर्ष, हर्षद. 'दुनियादारी' (२०१३) मधलं गाभाऱ्याचं गाणं आदर्शचं. २०१९ साली आलेल्या बाबासाहेबांवरच्या मालिकेचं शीर्षकगीत आदर्श-उत्कर्षचं. 'कोंबडी पळाली'त वैशाली सामंतबरोबरचा आवाज आनंद शिंदेंचा. म्हणजे तीन पिढ्या आपण यांच्याच आवाजावर नाचतोय, रडतोय, हात जोडतोय. आणि तरीही 'महाराष्ट्रातली गाणारी घराणी सांगा' म्हटलं तर हे नाव पटकन कोणी घेत नाही.

माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे गाणारं कुटुंब म्हटलं की आधी आठवतात ते जॅक्सन फाइव्ह. अमेरिकेतल्या गॅरी नावाच्या पोलादाच्या गावातले पाच भाऊ, वडील स्टील मिलमध्ये क्रेनवर कामाला. १९६९-७० मध्ये यांची पहिली चार गाणी लागोपाठ तिथे नंबर एकवर गेली. पुढे 'स्कायरायटर' (१९७३), 'मूव्हिंग व्हायोलेशन' (१९७५) असे अल्बम आले. ते फारसे कोणी लक्षात ठेवले नाहीत. कारण एका बाजूला सुरुवातीची हिट गाणी आणि दुसऱ्या बाजूला मायकलचा 'थ्रिलर' (१९८२). मधलं सगळं त्या दोन डोंगरांच्या सावलीत गेलं. आता लोक ते अल्बम पुन्हा शोधून ऐकतात आणि म्हणतात, अरे, हे तर भारी होतं!

प्रल्हाद शिंदेंचं अगदी तसंच झालंय. त्यांची पंढरीची दोन-तीन गाणी आषाढीला गल्लीगल्लीत वाजतात. पुढच्या पिढीची हिट गाणी सगळ्यांना पाठ आहेत. मधला जो मोठा साठा आहे, कव्वाल्या, भीमगीतं, लोकगीतं, तो कोण ऐकतो?

आता थोडं इंजिनिअरिंग. (सर वाचत असतील तर हे व्हायव्हात धरावं ही विनंती.)

मी पोखर्णीची. परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागतं ते नृसिंहाचं पोखर्णी. आमच्याकडे यात्रेत ही गाणी भोंग्यावर वाजतात आणि शेतापर्यंत ऐकू येतात. पण भोंगा म्हणजे हॉर्न स्पीकर. त्याचा पडदा छोटा, कर्णा ठराविक लांबीचा. साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळजवळ काहीच येत नाही. येतात ते मधले आणि वरचे सूर. आपला कान सगळ्यात तिखट असतो दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. प्रल्हाद शिंदेंचा आवाज उंच, धारदार, मोकळ्या गळ्याचा. तो भोंग्यातून बाणासारखा सुटतो. पण ढोलकीच्या धुमेचा घुमारा? तो भोंग्यातच मरतो! राहते फक्त शाईची टणटण. मोबाइलच्या स्पीकरचीही तीच गत.

म्हणजे आपण ही गाणी लहानपणापासून ऐकतोय खरं, पण अर्धीच. चांगला हेडफोन लावून एकदा ऐका. खालून ढोलकी कशी ढकलते, टाळ कुठे पडतो, कोरस कसा मागून येऊन ओळ उचलतो, ते वेगवेगळं कळतं. कव्वालीतली टाळी तर ऐकाच. जेम्स ब्राऊनच्या फंकमध्ये सगळा बँड पहिल्या ठोक्यावर एकत्र आपटतो, त्यानेच अंग हलायला लागतं. इथे तेच काम सम करते. गायक लांब तान घेऊन भटकतो आणि ढोलकी, टाळी, कोरस सगळे समेवर येऊन त्याला झेलतात. पाय आपोआप हलतो. त्याला 'टपोरी' म्हणायचं आणि इंग्लिश गाण्यातल्या त्याच गोष्टीला 'ग्रूव्ह' म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

मग ही गाणी मागे का पडली? एक कारण कॅसेट. रेकॉर्डच्या जमान्यात प्लेअर असायचा तो पैसेवाल्यांकडे, आणि काय छापायचं ते दोन-चार कंपन्या ठरवायच्या. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, नव्या कंपन्या आल्या आणि गावोगावच्या गायकांना बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल नावाच्या अभ्यासकाने यावर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तकच लिहिलंय. शिंदेंचा आवाज घरोघरी, ट्रॅक्टरवर, एसटी स्टँडवर पोचला तो या कॅसेटमुळे. पण कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक कॉपी असं करताना वरचे सूर जातात आणि खरखर वाढते. नावं तर आधी जातात! आतल्या कागदावर गीतकार, संगीतकार असायचे. कॉपी करताना कागद कोण उतरवणार? आज नेटवर ही गाणी शोधा. गायकाचं नाव असतं, लिहिणारा बहुतेक वेळा गायब.

दुसरं कारण आपणच. आपण ही गाणी वाटून घेतली. विठ्ठलाची एकादशीला, भीमगीतं १४ एप्रिलला, नाचायची गणपतीत, कव्वाली परभणीच्या फेब्रुवारीतल्या उरुसात. हॉस्टेलमध्येसुद्धा पाहा, ही गाणी या मजल्यावर, ती त्या मजल्यावर. पण गळा एकच आहे हो! ज्या गळ्याने पंढरीची वाट गायली त्याच गळ्याने बाबासाहेबांची गाणी गायली आणि कव्वालीही गायली. एवढ्या सगळ्यांच्या घरात एकाच वेळी असलेला आवाज महाराष्ट्रात दुसरा कोणता, ते मला सांगा. आपण त्याचे तुकडे करून आपापल्या कपाटात ठेवले आणि आता एकमेकांचा तुकडा ऐकत नाही.

आता मुख्य मुद्दा. अभंगात शेवटी संताचं नाव येतं हे आपल्याला माहीत आहे. आमच्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंचं नाव आजही टिकलंय ते त्यामुळेच. गझलेत शायराचं नाव शेवटच्या शेरात येतं, त्याला मक्ता म्हणतात. भीमगीतांतही तीच रीत आहे. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली, गायली आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफला. छापील कागद हरवला तरी नाव गाण्यातच राहतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर डेटाच्या आतच मेटाडेटा. वामनदादा गेले १५ मे २००४ ला आणि प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ ला. सहा आठवड्यांच्या आत लिहिणारा गेला आणि गाणाराही. तेव्हा आपल्यातल्या अनेकांचा जन्मही झाला नव्हता.

पण डीजे काय करतो? ध्रुवपद घेतो, पहिलं कडवं घेतो, बीट टाकतो आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतो. शेवटचं कडवं वाजतच नाही. कागदावरून उडालेलं नाव गाण्यात शिल्लक होतं, तेही आपण कापलं.

म्हणून एक काम सांगते. सुट्टीत घरी गेलात की माळ्यावर, ट्रंकेत जुन्या कॅसेट शोधा. फेकू देऊ नका. आधी आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, चिकटलेली फीत सुटते. टेपरेकॉर्डरचं हेड कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडा (एकच जॅक असेल तर स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड घ्या). ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर टाका. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. लेव्हल शून्य डीबीला टेकू देऊ नका, आवाज फाटतो. साठ मिनिटांची कॅसेट सुमारे ६०० एमबी होते, म्हणजे एका सिनेमापेक्षा कमीच. फाइलच्या नावात गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकारही लिहा. नेटवर टाकायला मी सांगत नाही, हक्क कंपन्यांचे असतात. पण घरात तरी नीट राहील. आणि आजोबांना शेजारी बसवा. कोणत्या यात्रेत ऐकलं, कोण पेटी वाजवायचं, हे ते सांगतील. ते कुठल्याच कागदावर नाही.

बाकी गॅदरिंगला नाचायचं तर आहेच, मीही पुढच्या रांगेत असेन! फक्त या वेळी ज्याच्या हातात स्पीकर असेल त्याला एक विनंती. गाणं मध्येच बदलू नकोस बाबा. शेवटचं कडवं होऊ दे.