एक जागा, दोन उमेदवार

५ जानेवारी २०१८ रोजी दुपारी दीडच्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात जो गलका उठला, तो बाहेरून ऐकणाऱ्यास वेतन आयोगाची थकबाकी रद्द झाल्याची शंका आली असती. प्रत्यक्षात घडले होते ते एवढेच की, केपटाउनला सुरू होणाऱ्या पहिल्या कसोटीसाठी भारताचे अकरा खेळाडू जाहीर झाले होते आणि त्यांत अजिंक्य रहाणेचे नाव नव्हते. संघाचा उपकर्णधार बाहेर बसणार होता आणि त्याच्या जागी रोहित शर्मा खेळणार होता.

या बातमीला आमच्या जिल्ह्यात थोडे निराळे वजन होते. रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. बालपण डोंबिवलीत गेले, क्रिकेट मुंबईत घडले, हे सारे खरे. पण गावाकडच्या माणसाला एवढा धागा पुरतो. श्रीरामपूरच्या झहीर खाननंतर कसोटी क्रिकेटमध्ये आपले म्हणावे असे नाव, या न्यायाने ग्रंथालयाच्या शिपायापासून लेखापालांपर्यंत सर्वांचे ते घरचे कार्य होते. आमचे अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले; आपल्या मुलाविषयीचा हा जिव्हाळा मात्र जुन्या नावाबरोबर गेलेला नाही.

वाद गेले आठवडाभर चाललाच होता. मालिकेपूर्वी पार्ल येथे दोन दिवसांचा सराव सामना ठरला होता. तो रद्द करून त्याऐवजी जाळ्यातला सराव घेण्याचे भारतीय संघाने पसंत केले. त्यामुळे दोघांपैकी कोण, हे पाहावयास एकही सामना उरला नाही, आणि पुराव्याचा अभाव असला म्हणजे मते किती ठाम होतात हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकास निराळे सांगावयास नको. कोणी जाळ्यातील छायाचित्रांवरून निष्कर्ष काढीत होते, कोणी कर्णधाराच्या चेहऱ्यावरून.

आकडे दोन्ही पक्षांना उपलब्ध होते. नुकत्याच संपलेल्या श्रीलंकेविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत रहाणेने पाच डावांत एकंदर १७ धावा केल्या होत्या: ४, ०, २, १ आणि १०. त्याच मालिकेत रोहितने तीन डावांत २१७ धावा काढल्या आणि तो बाद झाला केवळ एकदा. हा झाला ताज्या कामगिरीचा हिशेब. आता जुनी वही उघडावी. २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या दोन कसोट्यांत रहाणेच्या धावा ४७, १५, नाबाद ५१ आणि ९६, एकूण २०९. रोहितच्या त्याच दोन कसोट्यांत मिळून ४५. परदेशांत रहाणेची सरासरी पन्नाशीच्या वर होती, मायदेशातील तिच्याहून बरीच खाली. विराट कोहलीने निवडीचे समर्थन केले ते सध्याच्या लयीच्या आधारावर.

‘लय’ हा शब्द ऐकला की मला माझा विषय आठवतो. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या तिघांनी बास्केटबॉलमधील नेमबाजीची आकडेवारी तपासून असा निष्कर्ष काढला की, ओळीने दोन-तीन चेंडू जाळ्यात गेले म्हणून पुढचा जाण्याची शक्यता काही वाढत नाही. खेळाडूचा हात ‘तापला’ आहे हा पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ. तीस वर्षे हे आम्ही विद्यार्थ्यांना निःशंकपणे शिकविले. पुढे मिलर व सांहुर्हो यांनी दाखवून दिले की त्या गणितातच एक सूक्ष्म चूक होती, आणि ती दुरुस्त केल्यास तापलेल्या हातात थोडे तथ्य दिसते. त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तोही २०१८ मध्येच. म्हणजे लय अगदीच थोतांड नव्हे. पण पाच डाव म्हणजे किती पुरावा? तोही दिल्ली, नागपूर, कोलकाता येथील. आणि खेळावयाचे केपटाउनला. ज्वारीच्या पिकाचा अंदाज भाताच्या खाचरावरून बांधावा, तसा हा प्रकार.

पुढचे वाचकांना स्मरत असेल. केपटाउनला रोहित ११ आणि १०, भारताचा ७२ धावांनी पराभव. सेंचुरियनला १० आणि ४७, पराभव १३५ धावांनी. तिसऱ्या कसोटीस जोहान्सबर्गला रोहितच्या जागी रहाणे आला. पहिल्या डावात ९. दुसऱ्या डावात, जेथे चेंडू बरगड्यांवर आणि बोटांवर उसळत होता आणि जिला पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने निकृष्ट ठरविले, त्या खेळपट्टीवर ४८. भारत ६३ धावांनी जिंकला. त्या संध्याकाळी आमच्या कक्षात पेढे आले.

मी पेढा खाल्ला, पण मला तो निकाल मान्य नव्हता. रहाणेची निवड पहिल्यापासून योग्य होती असे माझे मत होते आणि आहे. ते त्या ४८ धावांनी सिद्ध झाले असे मात्र नव्हे. तो ९ आणि ० वर बाद झाला असता तरी मत तेच राहिले असते. पहिल्या दोन कसोट्यांत तो खेळला असता तर काय झाले असते, हे कोणालाही ठाऊक नाही. सेंचुरियनला कोहलीच्या १५३ धावा वगळल्या तर पहिल्या डावात बाकीच्यांचे काय उरत होते ते पाहता, एक माणूस बदलून सामना फिरला असता असे छातीठोकपणे सांगणे धाडसाचे आहे. फ्रेंच अर्थतज्ज्ञ बास्तिया याने १८५० साली लिहून ठेवले की, दिसणाऱ्या परिणामाइतकाच न दिसणारा परिणाम मोजावा. निवडीच्या व्यवहारात आत गेलेल्या माणसाचे अपयश धावफलकावर छापून येते. बाहेर राहिलेल्याचे यश कोठेच छापून येत नाही. त्यामुळे निवड करणारा एकाच बाजूच्या हिशेबावर शहाणा ठरतो किंवा मूर्ख.

हीच गोष्ट पुढे तीन वर्षांच्या आत उलट बाजूने घडली. २०२० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात यष्टिरक्षकाच्या एका जागेसाठी दोन उमेदवार होते, वृद्धिमान साहा आणि ऋषभ पंत. या वेळी सराव सामने झाले. सिडनीजवळ ड्रमॉइन येथील सामन्यात, ज्यात रहाणेने कर्णधार म्हणून नाबाद ११७ केल्या, साहाने शंभर चेंडू खेळून नाबाद ५४ धावा काढल्या. पुढच्या आठवड्यात सिडनीच्या प्रकाशझोतातील सामन्यात पंतने ७३ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. दिवसाच्या शेवटच्या एका षटकात त्याने २२ धावा लुटल्या. पुन्हा कक्षात दोन तट. ज्येष्ठ मंडळी साहाच्या बाजूची, कारण यष्टिरक्षकाने आधी यष्टिरक्षण करावे. तरुण मंडळी पंतची. ॲडलेडला साहा खेळला. त्याने ९ आणि ४ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात सारा संघच ३६ धावांत कोसळला. कोहली मायदेशी परतला, कर्णधारपद रहाणेकडे आले आणि मेलबर्नला पंत आत आला.

मेलबर्नच्या रहाणेच्या ११२ धावा, ८ गडी राखून विजय, आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला पंतच्या नाबाद ८९ धावांनी जिंकलेली मालिका, यांचे वर्णन पुन्हा करीत नाही. मला महत्त्वाची वाटते ती मधली सिडनीची कसोटी. तेथे पहिल्याच दिवशी पंतने पुकोव्हस्की या नवोदित सलामीवीराचे दोन झेल सोडले आणि त्याने ६२ धावा केल्या. मग फलंदाजी करताना पंतच्या कोपरावर चेंडू बसला आणि ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात साहा बदली यष्टिरक्षक म्हणून उभा राहिला. त्याने आपल्या ख्यातीस साजेसे झेल घेतले. धावफलकावर तो दिसतो केवळ ‘बदली’ म्हणून. शेवटच्या दिवशी दुखऱ्या कोपराने पंतने ९७ धावा केल्या. एकाच सामन्यात दोघांचीही बाजू खरी ठरली! सोडलेल्या झेलांची किंमत आणि ९७ धावांचे मोल एकाच पानावर मांडता आले असे उदाहरण विरळा. येथे पंतला घेणे मला रास्त वाटते, कारण ज्या परिस्थितीत खेळावयाचे तिच्याशी ते सराव सामने मिळतेजुळते होते. पार्लचा सामना रद्द झाला नसता तर २०१८ मध्येही एवढा आधार मिळाला असता.

जुन्या वाचकांना या ठिकाणी पद्माकर शिवलकर आठवतील. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊन भारतासाठी एकही कसोटी न खेळता निवृत्त झाला. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले होते. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही तीच कथा, बळी ७५०. जागा एक आणि तिच्यावर बिशनसिंग बेदी. त्यांचे कसोटी बळी २६६. बेदींना घेण्यात कोणाची चूक झाली असे कोण म्हणेल? पण शिवलकर बेदींहून किती उणे होते, हे मोजण्याची संधीच कोणी निर्माण केली नाही, आणि आता ते मोजता येणार नाही. २०१७ मध्ये नियामक मंडळाने दोघांना कर्नल सी. के. नायडू पुरस्कार दिला. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले.

हे सारे मी अलिप्तपणे लिहीत आहे असे वाचकांस वाटू नये. आमच्या कक्षात रहाणेच्या बाजूने सर्वांत कडाडून भांडणारे गृहस्थ तासिका तत्त्वावर शिकवीत असत. वर्षातील काही महिने काम, घेतलेल्या तासांपुरते मानधन, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. पाच डावांतील १७ धावा हा आकडा ते उच्चारीत, तेव्हा त्यांच्या आवाजात जी धार येई ती क्रिकेटची नव्हती. “सर, एवढ्या वर्षांचं काहीच नाही का?” असे त्यांनी मला विचारले. मी हसून विषय बदलला.

विषय बदलण्यास कारण होते. त्यापूर्वी काही वर्षे एका संस्थेत मी विषयतज्ज्ञ म्हणून निवड समितीवर बसलो होतो. जागा एक, अखेरीस उरलेले उमेदवार दोन. एकाने त्या भागात नऊ वर्षे तासिकांवर शिकविले होते; त्याचा नमुना-पाठ त्या दिवशी फसला. मागणीची लवचीकता समजावताना त्याने फळ्यावर आकृती चुकविली, पुसली, पुन्हा चुकविली. दुसरा नुकताच पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला. त्याने दहा मिनिटे असे बोलून दाखविले की आम्ही सारे खूश झालो. मी दुसऱ्यास अधिक गुण दिले. नऊ वर्षांच्या विद्यार्थ्यांचे निकाल मागवून पाहावेत असे मला सुचले होते. उशीर होत होता, जेवणाची वेळ झाली होती, मी बोललो नाही. ज्याला घेतले तो चांगला शिकवितो असे पुढे कानावर आले. त्या बातमीने मला जे समाधान वाटले, तेही जोहान्सबर्गच्या पेढ्याच्याच जातीचे. ज्याला घेतले नाही तो आज कोठे आहे, हे मला माहीत नाही.

रहाणे स्वतः हा खेळ दोन्हीकडून पुरता जगला आहे. २०११ च्या नोव्हेंबरात संघात आल्यावर त्याने सोळा महिने राखीव म्हणून काढले; मार्च २०१३ मध्ये दिल्लीला पहिली कसोटी मिळाली तेव्हा धावा केल्या ७ आणि १. त्या दोन डावांवर त्याला कायमचे घरी बसविले असते, तर डर्बनच्या ९६ ही नाहीत आणि मेलबर्नच्या ११२ ही नाहीत. २०२२ च्या जानेवारीनंतर तो पुन्हा बाहेर गेला आणि जून २०२३ मध्ये ओव्हलवरील जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी परत आला. त्या पराभवातही त्याच्या ८९ आणि ४६ धावा होत्या. महिन्याभराने वेस्ट इंडिजमध्ये तो उपकर्णधार होता. दोन डाव मिळाले, त्यांत ३ आणि ८. त्यानंतर कसोटी संघाच्या यादीत ते नाव आले नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कक्षात पुन्हा एकदा आकडे निघाले. दोन डावांत ११ धावा, असे एक जण म्हणाला. पंच्याऐंशी कसोट्या, असे दुसरा म्हणाला. तासिकेची घंटा झाली आणि सर्वांत आधी उठून वर्गावर गेले ते आमचे तेच जुने, अद्याप तासिका तत्त्वावरच असलेले सहकारी.