नोटेचा पोत बोटाला कसा कळतो

पाचशेची नोट घ्या, डोळे मिटा आणि तिच्या आखूड कडेजवळून अंगठा फिरवा. पाच तिरक्या रेषा बोटाला लागतील. शंभराच्या नोटेवर त्याच जागी चार असतात. दृष्टिहीनांसाठी केलेल्या या खुणांची उंची फार तर केसाच्या जाडीइतकी, बहुधा त्याहून कमीच.

देशात नोटा चारच ठिकाणी छापल्या जातात. त्यांतली सर्वांत जुनी प्रेस आपल्या नाशिकरोडची, १९२८ची. उंचवट्याची ही छपाई इंटॅग्लिओ पद्धतीने होते. धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या खाचांत शाई भरतात, प्रचंड दाबाखाली सुती कागद त्या खाचांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. नोट खरी की खोटी हे आपण उजेडात धरून पाहतो, पण बोटालाही ते बरंच कळत असतं.

कसं कळतं? जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कॅट्झ यांनी १९२५मध्ये मांडलं की स्पर्शाचे मार्ग दोन असावेत. पुढच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. एकमेकांपासून एक पंचमांश मिलिमीटरहून अधिक अंतरावरचे उंचवटे त्वचेत जसेच्या तसे रुततात आणि मर्केल पेशींजवळचे चेतातंतू त्यांचा नकाशा मेंदूकडे धाडतात. कडेच्या रेषा मोजता येतात त्या यामुळे. कागदाचा बारीक पोत मात्र बोट हलल्याशिवाय कळतच नाही. बोट घासलं की त्वचा थरथरते आणि सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनं खोलवरचे पॅसिनीचे कण अचूक टिपतात. नवी करकरीत नोट चिमटीत नुसती धरून ठेवा, तिचा करकरीतपणा हरवतो. २०१३मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना आढळलं की घासणाऱ्या बोटाला अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही जाणवतात.

एका तळहातात असे सुमारे १७,००० स्पर्शतंतू आहेत. त्यांचे संदेश मज्जारज्जूतून वर चढतात, मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात आणि थॅलॅमसमार्गे विरुद्ध बाजूच्या पार्श्वखंडात पोहोचतात. तिथे ‘खरखरीत’साठी एक आणि ‘मऊ’साठी दुसरी अशी ठरलेली पेशी नसते. शिकागो विद्यापीठातल्या स्लिमन बेन्समाया यांच्या गटाने माकडांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेतली. काही पेशी नकाशाला, काही कंपनांना, तर बऱ्याचशा दोन्हींना कमी-अधिक प्रतिसाद देत होत्या. या सगळ्यांच्या मेळातून पोत उभा राहतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. बोट वेगाने फिरवलं तर कंपनं बदलतात, तंतूंचे संदेशही बदलतात, तरी नोट आपल्याला तितकीच खरखरीत लागते. बोटाचा वेग वजा करून पृष्ठभागाचा गुण तेवढा उरावा, यासाठी मेंदू अखंड हिशेब करत असतो.

इतकं सूक्ष्म यंत्र बोटांपाशी असूनही दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांवर उंचावलेली खूण नाही. रिक्षात, भाजीबाजारात, बसमध्ये याच नोटा सारख्या हाताळल्या जातात. रिझर्व्ह बँकेने २०२०मध्ये नोट ओळखून सांगणारं ‘मणी’ हे मोबाइल अ‍ॅप आणलं, ते उपयोगी आहेच. पण गर्दीत एका हातात काठी धरून मोबाइल काढायचा आणि नोट कॅमेऱ्यापुढे धरायची म्हणजे तिसरा हात हवा. अ‍ॅप नसेल तर उरते लांबी. दहाची नोट १२३ मिलिमीटर आणि विसाची १२९. हा सहा मिलिमीटरांचा फरक ताडायचा तर शेजारी मापाला दुसरी नोट लागते.